रांजणापाशी अडलेला खेळ: एका पुणेरी टेबलावरच्या ‘रेलरोडिंग’चं प्रकरण

कोथरूडमधल्या एका फ्लॅटमध्ये दर रविवारी दुपारी सहा जण डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळायचे. पाच खेळाडू आणि एक जीएम, म्हणजे गेम मास्टर, खेळातली गोष्ट चालवणारा. पावसाळ्यातल्या एका रविवारी खेळ अर्ध्यातच मोडला. त्यानंतर दोन आठवडे त्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नुसते शब्द उडत होते: रेलरोडिंग (खेळाडूला ठरलेल्याच वाटेवर रेटणं), एजन्सी (त्याला स्वतः निवडता येणं), मेटागेमिंग, इमर्शन (खेळात बुडून जाणं), बॅलन्स, टॉक्सिक. मी तो सगळा ग्रुप वर-खाली वाचून काढला. कोणाला नेमकं काय खुपलं होतं, ते एकाही मेसेजमध्ये सापडलं नाही.

मी पुण्यात बरीच वर्षं असे गेम चालवते. जीएमची आणि माझी ओळख होती, म्हणून त्याचा फोन आला, “ताई, एकदा आमच्यात येऊन बसशील का?” हे त्या प्रकरणाचं टिपण. सगळ्यांना विचारूनच लिहिलं आहे. नावं देत नाही, पात्रांच्या पेशावरून ओळखू. टेबलावर तसंही तेच चालतं.

रेंजर, म्हणजे रानवाटांचा जाणकार, व्यवसायाने वकील, शिवाजीनगरच्या कोर्टात प्रॅक्टिस करणारा. विझार्ड, म्हणजे जादूगार, हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये. रोग, म्हणजे चोरटा, सीएच्या शेवटच्या परीक्षेला बसलेला. (हा पेशा इंग्रजीतून जसाच्या तसा आलाय आणि देवनागरीत लिहिला की व्हायचं ते होतं. “माझा रोग आता बरा आहे” हा विनोद त्या टेबलावर अजून चालतो.) क्लेरिक, म्हणजे मंत्राने बरं करणारी पुजारीण, फिजिओथेरपिस्ट, आणि फ्लॅट तिचाच. बार्ड, म्हणजे शाहीर, सगळ्यांत नवी. कॉलेजात असताना पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिका केलेली, भरत नाट्य मंदिराच्या विंगेत वाढलेली मुलगी. जीएम आर्किटेक्ट.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी १९७४ मध्ये अमेरिकेत तो छापला. प्रत्येक खेळाडू एक पात्र चालवतो, जीएम उरलेलं सगळं जग. काय करायचं ते तोंडाने सांगायचं, आणि जमेल की नाही याची शंका असेल तिथे वीस बाजूंचा फासा टाकायचा. हा गट २०१४ ची पाचवी आवृत्ती खेळत होता, पात्रं पाचव्या पातळीवरची. खेळाला पन्नास वर्षं होऊन गेली, आणि एवढ्या वर्षांत त्याच्याभोवती स्वतःची एक बोली तयार झाली आहे. आपल्याकडे ती यूट्यूबवरून आली, तयार पीठ यावं तशी, चक्कीचा आवाज न ऐकता.

त्या रविवारी काय झालं

खाली लिहिलंय ते सहाही जणांच्या सांगण्यावरून जुळवलेलं आहे. जिथे मेळ बसला नाही तिथे तसं म्हटलं आहे.

जीएमने आपलं जग नाणेघाटावर बेतलं होतं. जुन्नरकडून कोकणात उतरणारी ती सातवाहनकाळातली व्यापारी वाट, वर नागनिकेच्या शिलालेखाची गुहा, आणि घाटाच्या तोंडाशी जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण. त्याच्या खेळातही असाच एक घाट होता आणि असाच रांजण. पात्रं एक ताम्रपट लपवून बंदराकडे निघालेली. जीएमने ऑफिसच्या प्लॉटरवर ए-वन आकाराचा नकाशा काढून आणला होता, एक इंच म्हणजे पाच फूट या मापाने. कसब्यातल्या कुंभारवाड्यातून तळहाताएवढा मातीचा रांजण आणून त्याला दगडासारखा करडा रंग दिला होता. खेळाडूंनी त्यात खरी रुपयाची नाणी टाकायची, प्रत्येक नाण्यामागे जकातदार एक प्रश्न विचारणार, खोटं बोललं तर रांजणातून आवाज येणार, असा बेत होता. बेत सुरेखच होता.

रेंजर म्हणाला, “नाक्यावर जायचंच नाही. बाजूच्या सोंडेवरून उतरू.”

जीएम म्हणाला, “सर्व्हायव्हल टाक.” म्हणजे रानात वाट काढण्याच्या कौशल्याचा फासा.

फाशावर अठरा पडले, वर रेंजरच्या कौशल्याचे सात. पंचवीस. या खेळात पंचवीस म्हणजे फार अवघड गोष्टही जमावी असा आकडा. सगळे ओरडले. जीएमने वहीत पाहिलं, जरा जास्तच वेळ पाहिलं, आणि म्हणाला, “वाट सापडते. पण पुढे दरड कोसळलीय. बंद आहे.”

“मग पलीकडची सोंड.”

“तिकडेही तेच.”

“अरे, मग मला फासा कशाला टाकायला लावलास?”

“नॅरेटिव्ह रांजणाकडे जातंय ना!”

“हे सरळसरळ रेलरोडिंग आहे.”

“आणि तू मेटागेमिंग करतोयस. नाक्यावर काहीतरी आहे हे तुझ्या पात्राला कुठून कळलं?”

इथून पुढे कोणाचाच कोणाशी मेळ बसत नाही. खेळ कसाबसा नाक्यापर्यंत गेला, रांजणाचा बेत कोणी पुरा होऊ दिला नाही, पहारेकऱ्यांशी मारामारी झाली. विझार्ड क्लेरिकला सांगत होता कुठला मंत्र टाक. बार्ड जकातदाराशी मराठीत बोलायला लागली, तर कोणीतरी म्हणालं, “इमर्शन तोडू नकोस.” कोण म्हणालं यावर एकमत नाही, बार्डच्या मते दोघं म्हणाले. रोग मोबाइल बघत होता. चहा झाला, पण चहानंतर कोणी फासे हातात घेतले नाहीत.

शेरा नको, वेळ सांगा

मी प्रत्येकाशी आधी वेगळं बोलले, मग सगळ्यांशी एकत्र. अट एकच ठेवली: ग्रुपवरचा कुठलाही शब्द वापरायचा असेल तर त्याआधी ती वेळ सांगायची. टेबलावर कोण काय म्हणालं, फासा काय पडला, तुला काय करायचं होतं, त्याऐवजी काय झालं. एवढं झालं की मग हवं तर म्हणा रेलरोडिंग.

या अटीला एक अपवाद ठेवला, आणि तो मुद्दाम सांगते. जॉन स्टॅव्हरोपोलस याने २०१३ मध्ये मांडलेलं एक्स-कार्ड बऱ्याच टेबलांवर असतं. कोणालाही एखादी गोष्ट नकोशी झाली की कार्डाला हात लावायचा, तो विषय तिथेच थांबतो, आणि का असं विचारायचं नाही. कारण न विचारणं हाच त्या साधनाचा प्राण. म्हणून क्लेरिकने ‘टॉक्सिक’ हा शब्द वापरला होता त्याबद्दल मी तिला आधीच म्हटलं, सांगायचं नसेल तर सांगू नकोस, मी तेवढ्यावर काम करेन. ती म्हणाली, नाही, सांगते. ते पुढे येईलच.

एका शब्दाखाली पाच तक्रारी

रेंजरकडे रेलरोडिंगची यादी तयार होती. वकीलच तो. पाच प्रसंग त्याने तारखेसकट सांगितले.

एक, घाटातली दरड. दोन, राजाकडे सैन्य मागितलं, फाशावर चक्क वीस पडले, तरी राजा नाही म्हणाला. तीन, त्याचा पाळीव लांडगा मेला आणि तो कुठे उभा आहे हे जीएमने विचारलंच नव्हतं. चार, एक सेशन ऐन मोक्यावर लवकर संपवलं. पाच, गावातल्या सावकाराचा माग काढायचा होता, पण बाकीच्यांनी जंगलात जायचं ठरवलं.

पाचवा प्रसंग रेलरोडिंग नव्हे. चार जणांनी मत दिलं, याचं मत पडलं. चौथा क्लेरिकच्या सोसायटीतल्या पाण्याच्या टँकरचा, जीएमचा नाही. तिसऱ्यात जीएमची चूक आहे, पण ती हलगर्जीपणाची. दुसऱ्याबद्दल नियम स्पष्ट आहे: पाचव्या आवृत्तीत फाशावर वीस पडले की वार हमखास लागतो, पण कौशल्याच्या किंवा मनधरणीच्या फाशाला तसा नियम नाही. वीस पडले म्हणून राजा सिंहासन देत नाही. इंटरनेटवरच्या विनोदांमुळे तसं वाटतं खरं.

उरला पहिला. आणि तिथे रेंजर शंभर टक्के बरोबर होता.

खेळणारे लोक नीट बोलतात तेव्हा रेलरोडिंग कशाला म्हणतात, हे इथे सांगायला हवं. गोष्ट सरळ रेषेत जाणारी असणं म्हणजे रेलरोडिंग नव्हे. बाजारात मिळणारी अनेक चांगली तयार साहसं सरळ रेषेतच जातात. सुरुवातीला सगळ्यांनी ‘चालेल’ म्हटलेलं असलं की कोणी कुरकुर करत नाही. रेलरोडिंग म्हणजे खेळाडूपुढे निवड आहे असं दाखवायचं, त्याला निवडू द्यायचं, आणि मग काहीही निवडलं तरी एकच गोष्ट घडवायची. या दोषाला खेळाडूंत एक गमतीचं नावही आहे, ‘क्वांटम ऑगर’: डावीकडे जा की उजवीकडे, तोच राक्षस त्याच झाडाखाली भेटतो.

पाचव्या आवृत्तीचं जीएमसाठीचं पुस्तकही हेच सांगतं, फार साध्या शब्दांत. गोष्ट इतकी सोपी असेल की जमणारच, किंवा अशी असेल की जमणं शक्यच नाही, तर फासा मागू नका. घाटाची वाट बंदच असणार होती, तर जीएमने “सर्व्हायव्हल टाक” म्हणायलाच नको होतं. “तुम्ही सोंडेपर्यंत जाऊन बघता, दरड कोसळलीय” एवढं म्हणाला असता तर रेंजर नाराज झाला असता, चिडला नसता. पंचवीस टाकायला लावून पंचवीस पुसले, हा राग होता.

हा राग रेंजरला त्याच दिवशी, त्याच वाक्यात सांगता आला असता. “पंचवीसला काहीतरी मिळायला हवं रे.” जीएमने ते ऐकलं असतं, असं माझं मत. पण ‘रेलरोडिंग’ म्हटल्याबरोबर गोष्ट एका फाशाची राहिली नाही. दीड वर्षाच्या सगळ्या मेहनतीवर तो शेरा झाला, आणि जीएमने हाताला लागेल तो शब्द ढाल म्हणून उचलला.

तो शब्दही चुकलाच. मेटागेमिंग म्हणजे पात्राला माहीत नसलेली, फक्त खेळाडूला माहीत असलेली गोष्ट वापरणं. राक्षस आगीला भितो हे पुस्तकात वाचून पहिल्या भेटीतच मशाल काढणं, ते मेटागेमिंग. घाटाच्या तोंडाशी जकात नाका असतो हे घाटवाटेने जाणाऱ्या कुठल्याही बैलवाल्याला ठाऊक असायचं. रेंजरच्या पात्राने नाका टाळायचं ठरवणं यात वावगं काही नव्हतं. खरं तर त्या सबंध दुपारी पात्राच्या डोक्याने विचार करणारा तो एकटाच होता.

जीएमला मी विचारलं, वहीत एवढा वेळ काय बघत होतास?

“काही नाही. पान कोरं होतं.”

सोंडेवरून उतरले तर पुढे काय, हे त्याने लिहिलेलंच नव्हतं. ऐन वेळी सुचेल याची त्याला खात्री नव्हती, आणि रांजण टेबलाखाली पिशवीत होता. तो अमेरिकेतला ‘क्रिटिकल रोल’ हा कार्यक्रम बघतो. २०१५ पासून चालू आहे, आणि त्यात सुरुवातीपासून खेळणारे सगळे व्यावसायिक आवाज-कलाकार. ते बघून घरच्या जीएमकडून तसल्याच अपेक्षा ठेवल्या जातात, या प्रकारालाही तिकडे नाव पडलंय, बरीच वर्षं त्यांचा जीएम असलेल्या मॅट मर्सरच्या आडनावावरून: ‘मर्सर इफेक्ट’. इथे ती अपेक्षा खेळाडूंची नव्हतीच, जीएमने स्वतःवर लादली होती. ‘नॅरेटिव्ह’, ‘सिनेमॅटिक’, ‘इमर्जंट’ हे त्याचे तीन आवडते शब्द. तिन्हींच्या खाली “मला भीती वाटते की मला सुचणार नाही” एवढंच होतं. हे तो मला एकटीला पंधरा मिनिटांत म्हणाला. टेबलावर म्हणायला त्याला दीड वर्ष पुरलं नव्हतं.

ज्या एजन्सीबद्दल कोणीच बोललं नाही

आता क्लेरिकची गोष्ट. माझ्या मते या प्रकरणातली सगळ्यांत महत्त्वाची हीच.

मारामारीत एक पहारेकरी पडला. जीएमने सांगितलं, कोवळा पोरगा आहे, पोटाला हात लावून बसलाय. क्लेरिकला त्याच्याजवळ जाऊन त्याला बरं करायचं होतं. ती तसं म्हणाली, पण अर्धंच वाक्य झालं. विझार्ड म्हणाला, “नाही नाही, अ‍ॅक्शन वाया जाईल. तू बोनस अ‍ॅक्शनमध्ये रेंजरला हीलिंग वर्ड टाक, आणि अ‍ॅक्शनला कँट्रिप. अ‍ॅक्शन इकॉनॉमीच्या दृष्टीने तेच ऑप्टिमल.”

अ‍ॅक्शन म्हणजे पाळीतली मुख्य कृती, बोनस अ‍ॅक्शन म्हणजे जादा छोटी. नियम म्हणून विझार्ड बरोबर होता. बोनस अ‍ॅक्शनमध्ये मंत्र टाकला की त्याच पाळीत अ‍ॅक्शनला फक्त कँट्रिपच, म्हणजे हलका मंत्र, टाकता येते, हे त्याला पाठ होतं आणि तिला नव्हतं. तिने तो म्हणाला तसं केलं. पुढच्या पाळीला तो पोरगा मेलेला होता.

“मी दिवसभर लोकांचे गुडघे आणि खांदे बरे करते,” ती मला म्हणाली. “मला एकदा शत्रूला बरं करून बघायचं होतं. काय झालं असतं कोण जाणे. पण ते माझं होतं ना!”

दर पाळीला असं चाललं होतं, कित्येक महिने. ती गप्प बसायची, कारण ‘अ‍ॅक्शन इकॉनॉमी’ (कृतींचा हिशेब) म्हटल्यावर पुढे काय बोलायचं हे तिला माहीत नव्हतं. ज्याला शब्द येतो त्याचं खरं, ज्याला येत नाही तो नवशिका. तिने शेवटी ‘टॉक्सिक’ हा शब्द काढला, तोही अशासाठी की निदान एक शब्द तरी आपल्याला येतो. त्यावर विझार्ड खरोखर दुखावला. त्याच्या मते तो मदत करत होता, आणि तो खोटं बोलत नव्हता.

रेंजर ग्रुपवर प्लेयर एजन्सीवर लांबच लांब लिहीत होता. त्याच्या शेजारच्या खुर्चीत एका खेळाडूची निवड दर पाळीला काढून घेतली जात होती, आणि हीलिंग वर्ड मिळणारा तोच होता. त्याच्या लक्षात आलं नाही, कारण एजन्सी हा शब्द ऐकून-वाचून सगळ्यांची नजर जीएमकडेच वळायला शिकलेली असते. तक्रारीचं पाकीट आधीच छापलेलं, त्यावर पत्ता जीएमचा. शेजारचा खेळाडूही तेच करू शकतो याला तिकडे ‘क्वार्टरबॅकिंग’ म्हणतात, पण आपल्याकडे तो शब्द पोचलेला दिसत नाही. पोचला असता तर त्याचंही हेच झालं असतं म्हणा.

एकत्र बसलो तेव्हा क्लेरिकने हे सगळ्यांसमोर सांगितलं. रेंजर विझार्डला म्हणाला, “तू गेमिस्ट आहेस, प्रॉब्लेम तो आहे.” मला तिथे तोंड घालावं लागलं. हा शब्द असे खेळ रचणाऱ्या रॉन एडवर्ड्सने नव्वदीच्या शेवटी आणि त्यापुढच्या दोन-तीन वर्षांत मांडलेल्या विवेचनातून लोकांच्या तोंडी बसला. गेमिस्ट (जिंकण्याकडे बघणारी), नॅरेटिव्हिस्ट (गोष्टीकडे), सिम्युलेशनिस्ट (जगाच्या खरेपणाकडे) अशा तीन वाटा. पण मूळ मांडणी खेळताना घेतलेल्या निर्णयांची होती, माणसांची नव्हे. लोकांनी ती माणसांच्या कपाळावर चिकटवली. विझार्डने त्या दिवशी जे केलं त्याला नाव द्यायचंच तर “मधे बोलणं” पुरेसं होतं.

इमर्शन आणि बेअरिंग

बार्डचं प्रकरण वेगळंच होतं. सगळे खेळायचे इंग्रजीत, तेही एका विशिष्ट इंग्रजीत: जकातदार असो की पुजारी, तो इंग्लंडातल्या कुठल्यातरी सराईचा मालक वाटायचा. घाट नाणेघाटासारखा, माणसं मात्र तिकडची. बार्ड त्या जकातदाराला म्हणाली, “काय हो दादा, सकाळपासून उभेच का? पाणी घ्या जरा.” आणि टेबलावर इमर्शन तुटलं.

तुटलं म्हणजे काय झालं, हे मी जीएमला आणि विझार्डला विचारलं. विझार्ड विचार करून म्हणाला, “इंग्लिशमध्ये मी विझार्ड असतो. मराठीत बोललो की मी आमच्या काकांसारखा ऐकू येतो.” प्रामाणिक उत्तर. जीएमचं म्हणणं थोडं निराळं: मराठीत जकातदार एकदम खराखुरा माणूस झाला, आणि मग त्याच्यावर तलवार उपसणं विचित्र वाटायला लागलं. म्हणजे तुटलं काहीच नव्हतं. उलट जरा जास्तच जमलं होतं.

बार्डला हा शब्दच मुळात पटत नव्हता. नाटकाच्या तालमीत बेअरिंग असतं, म्हणजे भूमिकेत टिकून राहणं. बेअरिंग सुटलं की दिग्दर्शक ज्याचं सुटलं त्याला ओरडतो. समोरच्याला ठसका लागला, प्रॉम्प्टर मोठ्याने बोलला, प्रेक्षकांत मोबाइल वाजला, तरी बेअरिंग सांभाळायचं काम ज्याचं त्याचं. “इथे इमर्शन तुमचं, आणि ते तोडलं म्हणून शिव्या मला,” ती म्हणाली. यावर कोणाकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नाही, आणि मी ते शोधलंही नाही. मला तिचं म्हणणं सोळा आणे पटलं.

बॅलन्स

हे थोडक्यात. रोगची तक्रार होती की विझार्ड ‘ब्रोकन’, म्हणजे प्रमाणाबाहेर ताकदवान आहे, गेमचा बॅलन्स गेलाय. आकडे मांडले. पाचव्या पातळीचा विझार्ड फायरबॉल टाकतो: सहा बाजूंचे आठ फासे, सरासरी २८, वीस फूट त्रिज्येत सापडतील त्या सगळ्यांना. पण दिवसातून दोनदाच, क्वचित तीनदा. रोगचा चोरटा वार सरासरी साडेदहा, तलवारीचे धरून एकोणीसच्या आसपास, एकालाच, पण दर पाळीला. फरक आहे, पण एवढा नाही.

वेळ सांग म्हटल्यावर रोग म्हणाला, “फायरबॉल मस्तच असतो, बघायला आवडतो मला. पण दीड तासात मी तीनदा फासा टाकला. विझार्ड मंत्र निवडत बसतो, मग क्लेरिकचा निवडतो.” म्हणजे बॅलन्स ताकदीचा नव्हता, घड्याळाचा होता. परीक्षेचा अभ्यास सोडून आलेल्या मुलाला तीन फासे.

काय बदललं

मी दोन-तीन गोष्टी सुचवल्या, बाकीच्या त्यांनीच काढल्या.

जीएमला सांगितलं, जे ठरलेलं आहे ते ठरलेलं आहे असं सरळ सांग. “आजचा खेळ नाक्यावर सुरू होतो, तुम्ही रांजणासमोर उभे आहात, इथवर कसे आलात ते तुम्हीच सांगा.” असं म्हणायला काही लागत नाही, आणि फसवल्यासारखंही वाटत नाही. फासा मागितला तर मात्र फाशाचं ऐकायचं. सोंडेवरून उतरलेच तर? तर म्हण, “दहा मिनिटं द्या, चहा ठेवा.” त्याला हे फार जड गेलं. पहिल्यांदा असं म्हणाला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते, असं क्लेरिकने मला सांगितलं. खेळाडूंना चहाचं काहीच वाटलं नाही.

दुसऱ्याच्या पाळीत न विचारता सल्ला द्यायचा नाही, हे क्लेरिकने स्वतः कागदावर लिहून फ्रिजला लावलं. पाळीला मोबाइलवर दीड मिनिट लावायचं रोगने ठरवलं. खेळ सुरू करण्याआधी बसून या गोष्टी ठरवण्याला ‘सेशन झिरो’ म्हणतात, २०२० मध्ये खेळाच्या अधिकृत पुस्तकातही त्यावर मजकूर आला. या गटाने सेशन झिरो केलं होतं का? केलं होतं. पण त्या दिवशी सगळे म्हणाले होते, “आम्हाला एजन्सी हवी, इमर्शन हवं, बॅलन्स हवा,” आणि सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या.

सेशन झिरो, एक्स-कार्ड, टीपीके म्हणजे सगळी पात्रं एकदम मरणं: हे शब्द मी काढायला सांगितले नाहीत. ते ऐकल्यावर काय करायचं किंवा काय झालं हे कळतं. कार्डाला हात लावला की विषय थांबतो. याउलट ‘टॉक्सिक’ ऐकून कोणी काय करावं?

मराठीचं असं ठरलं की जगातली माणसं मराठीत बोलतील, नियम इंग्रजीतच राहतील. याचा सगळ्यांत मोठा फायदा रेंजरला झाला, हे कोणाला वाटलं नव्हतं. रांजणाचा प्रसंग जीएमने पुन्हा घेतला, तेव्हा तो जकातदारापुढे उभा राहून कोर्टाच्या मराठीत सुरू झाला: “सदर इसमांकडे सदर मालाव्यतिरिक्त कोणतीही जकातपात्र वस्तू नाही, सबब…” जकातदाराला हसू आवरेना. रुपयाची नाणी पडली, रांजण वाजला, ताम्रपट सापडला, आणि पुढचा सगळा खेळ त्या खोट्यावर उभा राहिला.

विझार्डने काही महिन्यांनी गट सोडला. भांडून नाही. त्याला फाशांचं आणि चालींचं गणित जास्त असलेला खेळ हवा होता, औंधमध्ये तसा एक गट सापडला, तिथे सगळेच एकमेकांच्या चाली सुचवतात आणि सगळ्यांना ते आवडतं. मला त्यात अपयश दिसत नाही. क्लेरिकला थोडं दिसतं. त्याच्या जागी आलेल्या मुलीला पहिल्याच दिवशी प्रश्न पडला की हे लोक मधेच “रांजण आहे का?” असं का विचारतात. हे ठरलेलं आहे का, असा त्याचा अर्थ. म्हणजे त्यांनी स्वतःचा एक शब्द तयार केलाच, आणि नव्या माणसाला तो कळत नाहीच. आता त्यांनीच तो समजावून सांगायचा.

एक वाद मात्र मिटलेला नाही. जीएम फासे पुठ्ठ्याच्या पडद्यामागे टाकतो आणि कधीमधी आकडा बदलून सांगतो, म्हणजे एखादं पात्र फुकट मरू नये. रेंजरचं म्हणणं, फासा उघड्यावर टाक. पंचवीस पुसणं आणि हे यात फरक काय? जीएमचं म्हणणं, लांडगा मेला तेव्हा तूच रडला होतास. मी रेंजरच्या बाजूने आहे आणि तसं मी जीएमला सांगितलं आहे. तो म्हणाला, बघतो. पडदा अजून तसाच आहे.